बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार: निवडण्यापासून सुरात ठेवून वाजवण्यापर्यंत

साठच्या दशकातल्या धाटणीची बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार घेतलेल्या बऱ्याच जणांचं पुढे एकच होतं. पहिले काही दिवस तो झगझगीत आवाज ऐकून हरखून जायला होतं, मग सूर टिकत नाही म्हणून वैताग सुरू होतो आणि हळूहळू गिटार केसमध्ये जाऊन बसते ती बसतेच. माझं स्पष्ट मत आहे की यात वाजवणाऱ्याचा दोष फार थोडा असतो. सहा तारांच्या गिटारला जो सेटअप (तारांची उंची, मानेचा बाक वगैरेची जुळणी) चालून जातो तो इथे चालत नाही, आणि बहुतेक गिटारी तशाच अर्धवट सेटअपमध्ये हातात पडतात. म्हणून या लेखात नट (मानेच्या टोकाची, तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी), तारा आणि सूर लावणं यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, पिकअप (तारांचं कंपन टिपणारे चुंबक) आणि ॲम्प नंतर. पिकअप बदलण्यावर पैसे घालवायच्या आधी नट नीट करून घ्या, निम्मे प्रॉब्लेम तिथेच मिटतात.

आधी तारांची रचना समजून घेऊ. बारा तारा म्हणजे सहा जोड्या. ई, ए, डी, जी या खालच्या चार जोड्यांमध्ये एक नेहमीची तार आणि सोबत एक सप्तक वरची बारीक तार, आणि वरच्या बी आणि ई या दोन जोड्यांमध्ये दोन्ही तारा अगदी एकाच सुराच्या. गंमत म्हणजे गिटारवरची सगळ्यात उंच सुराची तार बारीक ई नसतेच, ती असते जी जोडीतली बारीक तार, ३९२ हर्ट्झ, म्हणजे बारीक ई पेक्षा तीन फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) वर. हे लक्षात ठेवा, पुढे तार तुटण्याच्या मुद्द्याला लागणार आहे.

कुठली घ्यायची आणि बघायचं काय

या धाटणीची मूळ मॉडेल्स मोजकीच आहेत. डॅनइलेक्ट्रोची बेलझूकी १९६१ ची, रिकनबॅकर ३६०/१२ जिच्यातली एक फेब्रुवारी १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या हातात आली आणि मग सगळ्यांनाच हवीशी झाली, आणि १९६५ ची फेंडर इलेक्ट्रिक ट्वेल्व्ह, लांबलचक हॉकी स्टिकसारखं हेडस्टॉक असलेली. आज मिळणाऱ्या बहुतेक व्हिंटेज-स्टाइल गिटारी यांच्याच कुळातल्या.

निवडताना मी लाकूड आणि रंग सोडून आधी नटची रुंदी विचारतो. रिकनबॅकर ३६०/१२ चा नट साधारण ४१ मिलिमीटर, म्हणजे सहा तारांच्या बऱ्याच गिटारींपेक्षाही अरुंद, आणि त्यात बारा तारा. लहान हाताच्या माणसाला ही मान फार आवडते, पण जाड बोटांच्या माणसाची डी कॉर्ड लावताना शेजारची जोडी दबतेच. त्याच कंपनीची ६६०/१२ साडेचव्वेचाळीस मिलिमीटरची आहे आणि ते तीन मिलिमीटर वाचायला किरकोळ वाटतात पण हाताखाली खूप मोठे असतात. दुसरा आकडा स्केल लेंथ, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत (बॉडीवरचा तारांचा आधार) तारेची लांबी. रिकनबॅकर पावणेपंचवीस इंच, फेंडर साडेपंचवीस. स्केल लहान म्हणजे ताण कमी आणि ती उंच जी तार जास्त दिवस टिकते.

वापरलेली घेत असाल तर गिटार पूर्ण सुरात लावलेली असतानाच बघा, तारा सैल करून ठेवलेली गिटार बघून काहीच कळत नाही. सहा तारांच्या गिटारवर नेहमीच्या दहाच्या सेटने (सगळ्यात बारीक तार ०.०१० इंचाची) साधारण ४५ किलोच्या आसपास ओढ असते, बारा तारांच्या लाइट सेटने ती ९० किलोच्या वर जाते. एवढा भार पेलताना मान पिळली जातेय का, मान बॉडीला जिथे जोडलीय तिथे फट पडलीय का, टेलपीसला तारा अडकतात तिथे बारीक चीर आहे का, हे तीन बघा. मग बाराही खुंट्या एकेक करून थोड्या फिरवा, एकही खुंटी पोकळ फिरायला नको. मान पिळलेली असेल तर आवाज कितीही गोड असला तरी सोडून द्या, ते दुरुस्त करणं महाग आणि बेभरवशाचं काम आहे.

तारा

सुरुवातीला १० ते ४६ किंवा त्याहून हलका सेट घ्या. साधारण असा असतो: बारीक ई १० आणि १०, बी १३ आणि १३, जी १७ आणि ८, डी २६ आणि १२, ए ३६ आणि १८, जाड ई ४६ आणि २६. आकडे इंचाच्या हजाराव्या भागातले. तुमच्या गिटारचा नट ज्या सेटसाठी कापलाय त्याच जाडीच्या जवळ राहा, जाड तार बारीक खाचेत कोंबली की सूर कधीच स्थिर होत नाही. साठच्या दशकातला तो जरा गोलसर, कमी खरखरीत आवाज हवा असेल तर फ्लॅटवाउंड (बाहेरून चपट्या तारेने गुंडाळलेल्या) तारा लावून बघा, त्या काळच्या आवाजात त्यांचा वाटा मोठा होता. मला स्वतःला त्या जास्त आवडतात कारण बोटांची घसट ऐकू येत नाही आणि जुन्या झाल्या तरी आवाज पार मरत नाही.

आता ती ८ ची जी तार. ती तुटते, सगळ्यांचीच तुटते, आणि बहुतेक जण म्हणतात बारीक आहे म्हणून तुटते, जाड लावू. तसं होत नाही. तार जाड केली की तोच सूर काढायला ओढही त्याच प्रमाणात वाढवावी लागते, त्यामुळे तारेच्या छेदाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर ताण तेवढाच पडतो. तार तुटायच्या किती जवळ आहे हे सूर आणि स्केल लेंथ या दोनच गोष्टी ठरवतात, आणि साध्या स्टीलच्या तारेसाठी ३९२ हर्ट्झ हा सूर वरच्याच बाजूचा आहे. मग उपाय काय? एक, ब्रिजच्या सॅडलवर (ब्रिजचा तार टेकते तो मागेपुढे सरकणारा तुकडा) किंवा खुंटीच्या भोकाच्या कडेला धारदार जागा असेल तर ती घासून गुळगुळीत करणं, कारण तार नेहमी एकाच जागी तुटत असेल तर दोष तारेचा नसून त्या जागेचा असतो. दोन, सगळी गिटार अर्धा सूर खाली लावणं. नुसत्या अर्ध्या सुराने ताण साधारण ११ टक्के कमी होतो, तार बरीच जास्त टिकते आणि मानेलाही बरं. मूळ पट्टीत वाजवायचं असेल तेव्हा पहिल्या फ्रेटला कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. फक्त कॅपो बारा तारांचा घ्या, सपाट आणि कडक रबराचा, कारण साधा कॅपो जाड तार दाबतो आणि तिच्या शेजारची बारीक तार तशीच सैल राहते.

तारा बदलणं

एका वेळी एकच जोडी काढा. सगळ्या एकदम काढल्या की मानेवरची ओढ शून्यावर येते, ब्रिज नुसता टेकवलेला असेल तर तो निसटतो, टेलपीस लोंबकळते आणि परत सगळं बसायला वेळ लागतो. जाड तारेला खुंटीवर दोन-तीन वेढे पुरतात, साध्या बारीक तारेला चार-पाच द्या नाहीतर ती घसरत राहते. वेढे वरून खाली एकावर एक न चढता बसले पाहिजेत.

रिकनबॅकर धाटणीच्या हेडस्टॉकवर सहा खुंट्या नेहमीसारख्या बाजूला असतात आणि उरलेल्या सहा मागे तोंड करून, क्लासिकल गिटारसारख्या, मधल्या खाचेत आडव्या. त्या खाचेत बोट जात नाही. तिथे तार आधी मापाने कापून घ्यायची, खुंटीच्या पुढे वेढ्यांपुरती जास्त ठेवायची, टोक पक्कडीने काटकोनात वाकवायचं आणि मग भोकात घालायचं, म्हणजे एका हाताने तार ताणून धरता येते आणि दुसऱ्याने खुंटी फिरवता येते. आणि सूर लावताना कुठली खुंटी कुठल्या तारेची याचा गोंधळ हमखास होतो, म्हणून फिरवायच्या आधी नटपासून खुंटीपर्यंत तारेवरून बोट नेऊन खात्री करा, ही सवय लागली की चुकीची तार ताणून तोडण्याचा प्रकार बंद होतो.

नट आणि बाकीचा सेटअप

क्रम असा ठेवा: आधी मानेचा बाक, मग ब्रिजची उंची, मग नट, सगळ्यात शेवटी इंटोनेशन, म्हणजे मानेवर वरपर्यंत सूर बरोबर लागावा म्हणून केलेली जुळणी. क्रम उलटा केला तर एकच काम दोनदा करावं लागतं.

बाक बघायला तार पहिल्या फ्रेटवर आणि मान बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्या फ्रेटवर किती फट राहते बघा. ०.२ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे साधा कागद एकदा दुमडून जाईल न जाईल एवढी, चांगली. ट्रस रॉड (मानेतला बाक कमी-जास्त करणारा धातूचा दांडा) एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका आणि मधे गिटारला स्थिरावू द्या. रिकनबॅकरला दोन रॉड असतात, एक जाड तारांच्या बाजूला आणि एक बारीक, त्यामुळे दोन्ही बाजू वेगवेगळ्या बघाव्या लागतात. आणि खूप जुनी रिकनबॅकर असेल तर तिथे रॉडचा नट (तारांचा नव्हे, रॉडच्या टोकाचा) फिरवून मान ओढायची नसते, आधी हाताने मान हवी तेवढी वाकवून धरायची आणि मग रॉडचा नट नुसता घट्ट करायचा. हे माहीत नसलेल्या माणसाच्या हातात गिटार दिली तर फ्रेटबोर्ड उचकटू शकतो, तेव्हा दुरुस्तीला देताना हा एक प्रश्न विचारा आणि समोरच्याला उत्तर येत नसेल तर गिटार परत घेऊन या.

बाराव्या फ्रेटवर तारांची उंची दीड ते दोन मिलिमीटर ठेवा. त्याहून खाली नेली तर जोडीतल्या तारा फ्रेटवर खडखडतात, वर नेली तर अर्ध्या तासात बोटं थकतात, बारा तारा दाबायच्यात हे विसरू नका.

आता नट. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवर बघा, तार आणि फ्रेट यांच्यात अगदी केसभर फट दिसली पाहिजे. प्रत्येक तारेला, बाराच्या बारा. जास्त फट असेल तर पहिल्या दोन फ्रेटवरचे कॉर्ड दाबताना तारा ताणल्या जाऊन चढ्या लागतात आणि तुम्ही ट्यूनरवर बिनचूक लावलेली गिटार कॉर्ड धरला की बेसूर होते. सूर टिकत नाही या तक्रारीचं मूळ बऱ्याच वेळा इथेच असतं, खुंट्यांना उगाच दोष दिला जातो. तसंच खुंटी फिरवताना टिंग असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर तार खाचेत अडकतेय. खाचेत मऊ पेन्सिलीचं ग्रॅफाइट घासा, तरी अडकली तर खाच योग्य जाडीच्या फाइलने किंचित रुंद करून घ्या. जोडीतल्या दोन तारांमध्ये साधारण दोन मिलिमीटर अंतर असावं, त्याहून जवळ असल्या तर जोरात मारल्यावर एकमेकींवर आपटतात. नट नवीन करायचा असेल तर बारा तारांचं काम आधी केलेल्या माणसाकडूनच करून घ्या, यावर पैसे वाचवू नका.

इंटोनेशनला जोडीतल्या दुसऱ्या तारेखाली कापडाचा तुकडा सरकवून ती गप्प करा, मग बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर जुळतो का बघा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे. बारा सॅडलचा ब्रिज असेल तर काम सोपं आहे. सहाच सॅडल असतील तर जाड तारेला सॅडल मागे हवं असतं आणि तिच्या सोबतच्या बारीक तारेला पुढे, दोघींचं एकाच जागी समाधान होत नाही. अशा वेळी मी बारावा फ्रेट सोडून देतो आणि पाचव्या ते सातव्या फ्रेटवर दोघींचा सूर एकत्र ऐकून मधली जागा शोधतो, कारण या गिटारवर आपण बाराव्याच्या वर फारसं जातच नाही.

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट, पिकअप तारांच्या फार जवळ ठेवू नका. चुंबक तारांना ओढतो आणि मग एकाच सुराच्या दोन तारा कितीही लावल्या तरी डुलत राहतात. पिकअप खाली घेऊन परत ऐका, मगच तारांवर राग काढा.

सूर लावायची पद्धत

सरळ एक ते बारा असं लावत गेलं तर बाराव्या तारेपर्यंत पहिली उतरलेली असते कारण ओढ वाढत जाते तशी मान थोडी वाकते. म्हणून पहिली फेरी नुसती ढोबळ, सगळ्या तारा जवळपास आणून ठेवायच्या. दुसऱ्या फेरीत सहा मुख्य तारा ट्यूनरवर बिनचूक, प्रत्येक वेळी सोबतची तार बोटाने दाबून गप्प करायची, नाहीतर ट्यूनरला दोन सूर एकदम जातात आणि काटा नाचत राहतो. तिसऱ्या फेरीत सोबतच्या तारा, आधी ट्यूनरने आणि मग कानाने. सूर नेहमी खालून वर आणायचा, चढा झाला तर चांगला खाली उतरवून परत वर.

कानाने लावताना डुलणं ऐकायचं. दोन तारांमध्ये एका हर्ट्झचा फरक असेल तर आवाज सेकंदाला एकदा फुगतो आणि ओसरतो. तार सुराजवळ येते तसं हे डुलणं मंद होत जातं आणि शेवटी थांबतं. काही जण मुद्दाम थोडा फरक ठेवतात, आवाज झळाळतो म्हणून. मी तसं करत नाही, कारण बोटांचा दाब दोन तारांवर कधीच अगदी सारखा पडत नाही आणि हवी तेवढी झळाळी त्यातूनच येते, वरून आणखी फरक ठेवला की चार कॉर्डनंतर सगळं गढूळ वाटायला लागतं. सप्तकाच्या जोड्यांमध्ये तर फरक अजिबात ठेवू नका.

वाजवणं

डाव्या हाताचं तंत्र थोडं बदलावं लागतं. बोटाचं टोक दोन तारांच्या बरोबर मधे आणि फ्रेटच्या अगदी मागे हवं. जाड तार दबली आणि बारीक राहिली असं होतंय का हे ऐकायला कॉर्ड धरून एकेक तार वेगळी छेडा, सुरुवातीला रोज करा. पूर्ण बारे कॉर्ड (एक बोट आडवं ठेवून सगळ्या तारा दाबायचे) कमी वापरा, तीन-चार जोड्यांचे अर्धे कॉर्ड आणि सोबत मोकळ्या तारा वाजत ठेवल्या तर ही गिटार जास्त मोठी वाटते. तार खेचून सूर चढवणं जवळपास विसरा, दोन्ही तारा सारख्या चढत नाहीत. त्याऐवजी स्लाइड (बोट तारेवर सरकवणं) आणि हॅमर-ऑन (वाजत्या तारेवर दुसरं बोट आपटणं).

धून कुठल्या जोडीवर बसवायची हा खरा विचार करायचा भाग आहे. समजा मोकळ्या बी वरून धून एक पाऊल खाली ए वर जातेय. बी चा सूर २४७ हर्ट्झ. ए तुम्ही जी जोडीच्या दुसऱ्या फ्रेटवर घेतलात तर तिथे २२० सोबत ४४० पण वाजतं, आणि कान ते ४४० पकडतो, म्हणजे खाली उतरणारी धून ऐकणाऱ्याला एकदम वर उडी मारल्यासारखी वाटते. कधी ते सुंदर लागतं, पण बहुतेक वेळा धूनच ओळखू येत नाही. म्हणून धूनेचा तो तुकडा एकाच जोडीवर बसवा, जी जोडीवरच चौथ्या फ्रेटवरून दुसऱ्यावर या. जी आणि डी जोड्यांवर वाजवलेली साधी चार सुरांची रिफ या गिटारवर जेवढी भरदार लागते तेवढी दुसरीकडे कुठे लागत नाही.

उजव्या हातात मध्यम पिक (तारा छेडायची छोटी पट्टी), ०.७ ते ०.८ मिलिमीटर. फार जाड पिक जोडीत अडकतं, फार पातळ पिकचाच टकटक आवाज जास्त येतो. आणखी एक बारकावा, रिकनबॅकरवर जोडीतल्या तारांचा क्रम इतरांच्या उलट असतो. इतर बारा तारांच्या गिटारवर खाली मारताना आधी बारीक तार लागते, रिकनबॅकरवर आधी जाड. त्यामुळे तोच ठोका जास्त भारदस्त ऐकू येतो आणि वर मारलेल्या ठोक्यात बारीक तार पुढे येते. खाली-वर ठोके मुद्दाम वेगळे वापरून बघा, एकाच कॉर्डचे दोन रंग मिळतात. साठच्या दशकातल्या बर्ड्स या अमेरिकन बँडचा रॉजर मॅग्विन शिकागोच्या ओल्ड टाउन स्कूल या लोकसंगीताच्या शाळेत शिकलेला, बँजोचे रोल (बोटांनी आळीपाळीने तारा छेडायचे नमुने) त्याच्या हातात बसलेले, आणि पिकसोबत मधल्या दोन बोटांना फिंगरपिक लावून त्याने तेच रोल या गिटारवर आणले. सुरुवातीला पिक आणि नुसतं मधलं बोट एवढ्यावर सावकाश रोल बसवा, तिसरं बोट नंतर आपोआप येतं.

ॲम्प आणि कॉम्प्रेसर

ॲम्प स्वच्छ ठेवा. डिस्टॉर्शनमध्ये बारा तारांचे सूर एकमेकांत मिसळून चिखल होतो. कोरस पेडलची गरज नाही, तो परिणाम गिटारमध्येच आहे. एकच पेडल घ्यायचं असेल तर कॉम्प्रेसर, म्हणजे मोठे-लहान आवाज सारखे करणारं पेडल, घ्या. १९६५ च्या त्या प्रसिद्ध बर्ड्सच्या आवाजामागे स्टुडिओतलं भरपूर कॉम्प्रेशन होतं, त्याशिवाय इलेक्ट्रिक बारा तारांचा आवाज पटकन विरतो. त्याचं सस्टेन (आवाज टिकवायचं बटण) अर्ध्याच्या थोडं पुढे ठेवा, अटॅक (दाब किती लवकर लागतो ते) एवढाच की पिकचा पहिला ठोका जिवंत राहील, आणि सुरसुर वाढली तर सस्टेन मागे घ्या.

दोन्ही पिकअप एकत्र हा माझा नेहमीचा आवाज. जुन्या रिकनबॅकरमध्ये ब्रिज पिकअपच्या वाटेत ०.००४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असायचा, तो खालचे सूर कापतो आणि तो पातळ, काचेसारखा आवाज त्यातूनच येतो. तुमच्या गिटारमध्ये नसेल तर कोणीही सोल्डरिंग येणारा माणूस बसवून देतो, पिकअप बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. बँडमध्ये वाजवताना बास अजून कमी करा आणि दुसऱ्या गिटारवाल्याशी आधीच ठरवून घ्या की तो खालच्या भागात कॉर्ड धरेल आणि तुम्ही वर रोल वाजवाल, दोघांनी एकाच जागी झोडपलं तर कोणीच ऐकू येत नाही.

देखभाल

वाजवून झालं की तारा कोरड्या कापडाने पुसा, प्रत्येक जोडीच्या मधूनही. रिकनबॅकरच्या फ्रेटबोर्डवर बऱ्याच मॉडेल्सना लाखेचा थर असतो, त्यावर तेल लावू नका, नुसतं पुसा. खोलीतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असली की मान शांत राहते. प्रवासात तारा पूर्ण सैल करू नका, एखादा सूर खाली आणा बस. आणि ८ ची साधी तार सुटी मिळते, त्या सहा-सात घेऊन केसमध्येच ठेवा, सोबत एक छोटी पक्कड आणि खुंटी फिरवायचा हँडल.